अन्वरभाईंचे कान शाबूत होते

बातमी आली तीही आवाजातून. सकाळचे साडेनऊ झाले असतील. बाणेरच्या ऑफिसात मी नुकतीच हेडफोन लावून बसले होते, तेवढ्यात मोबाइलवर शिरीनचा व्हॉइस मेसेज आला. शिरीन म्हणजे अन्वरभाईंची मुलगी. "सुमेधामावशी, अब्बा गेले. झोपेतच. दुपारच्या नमाजनंतर नेणार आहेत. तू ये..." एवढाच मेसेज. मी तो तीनदा ऐकला, आणि तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की मी शिरीनला ऐकतच नाहीये. तिच्या मागे पंखा फिरतोय, कुणीतरी खुर्च्या सरकवतंय, आत कुठेतरी नळ चालू राहिलाय, ते ऐकतेय. ही सवय ज्यांनी मला लावली ते त्याच पंख्याखाली निजलेले होते. या पुरवणीसाठी त्यांच्या आठवणी लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण अन्वरभाईंच्या आठवणी सांगणं तसं सोपं आहे. एक आठवण सोडून. त्या एकीपायी गेले पाच आठवडे लिहायला बसते आणि उठते.

टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचा स्टुडिओ होता. रेडिओसाठी प्रायोजित कार्यक्रम, व्याख्यानं, मुलाखती, थोडंफार गाणं असं सगळं तिथे ध्वनिमुद्रित व्हायचं. तीसएक वर्षांपूर्वी मी तिथे कामाला लागले, त्या दिवशी अन्वरभाई टेपच्या मोठ्या यंत्रापुढे पाठमोरे बसले होते. टेप हाताने पुढेमागे ओढत एक जागा शोधायची, पांढऱ्या पेन्सिलने खूण करायची, दाढीच्या ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि पुढचा तुकडा चिकटपट्टीने जोडायचा, असं काम चाललेलं. मी म्हटलं, "माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय." मान वर न करता म्हणाले, "असू दे. बरा होईल हळूहळू."

त्यांचे वडील रविवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे घर येरवड्याला गेलं आणि मग विश्रांतवाडीला, पण बोलणं पेठेतलंच राहिलं. एकदा एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, "अन्वरभाई, तुम्ही मराठी फार छान बोलता हो!" अन्वरभाई माइकची उंची नीट करत म्हणाले, "आपलंही बरं आहे की." मला ते अगं-तुगं करायचे, पण माझं काही चुकलं की एकदम 'आपण' सुरू व्हायचं. "आपण हे ऐकलंत, की नुसतं वाजवलंत?" असं कानावर आलं की समजायचं, अख्खं रीळ पुन्हा लावायचं आहे. त्या दिवशी चहासुद्धा 'आपण घेणार का' असा विचारला जायचा.

त्यांचा एक नियम होता. कुणीही येवो, प्राचार्य असोत की पुढारी, बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसायचं. यंत्र चालू करायचं आणि रिकामी खोली टिपून घ्यायची. पुढे काही शब्द कापले आणि मध्ये फट पडली, तर त्याच खोलीची शांतता तिथे भरता यावी म्हणून. "नंतर घेऊन चालत नाही," ते मला म्हणाले होते, "वक्ता एकदा सुरू झाला की त्याला थांबवायला पोलीस लागतात." एका प्राध्यापकांना त्या मिनिटात बसवेना. "आता कसली वाट बघताय?" त्यांनी विचारलं. अन्वरभाई म्हणाले, "आपण बोलत नसताना खोली कशी वाटते, ते बघतोय." प्राध्यापक हसले, म्हणून मिनिट पहिल्यापासून पुन्हा. आमच्या प्रत्येक रिळाच्या डोक्यावर अशी एक मिनिटाची खोली असायची, आणि ती कशासाठी असते हे त्यांच्याखालोखाल मलाच ठाऊक होतं. पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

गाण्याच्या रिळांना मात्र हा नियम थोडा वेगळा होता. मथुराबाई पहिल्यांदा गायला आल्या तेव्हा मी नवीनच होते. बाई रास्ता पेठेत दोन खोल्यांत राहायच्या आणि मुलींना गाणं शिकवायच्या. मंचावर कधी गेल्या नाहीत, रेडिओच्या परीक्षेला बसल्या नाहीत. अन्वरभाईंनी एकदा त्यांच्या दारात सायकल लावून ऐकलं आणि पुढे वर्षभर त्यांच्या मागे लागून त्यांना स्टुडिओत आणलं. दोन शिष्या तानपुरे घेऊन बसल्या, तानपुरे जुळले, छेडायला सुरुवात झाली आणि मग अन्वरभाईंनी यंत्र चालू केलं. बाईंना हाताने खूण केली, की थांबा. मी हळूच विचारलं, "आज खोली घ्यायची राहिली का?" ते म्हणाले, "घेतोय की. बोलण्याला खोली लागते. गाण्याला तानपुरा हीच खोली." मिनिटभर नुसते तानपुरे वाजत राहिले, मग बाईंनी सूर लावला. मी मान डोलावली. समजलं असं मला वाटलं होतं. खरं तर तेव्हा माझं लक्ष यंत्रावरच्या सुईकडे होतं, आवाज फार वर जात नाही ना याकडे.

बाईंची अकरा रिळं झाली. "कोण घेणार ह्यांची कॅसेट?" असं मालक म्हणाले आणि रिळं कपाटात गेली. बाईही काही वर्षांनी गेल्या. दर दिवाळीच्या आधी अन्वरभाई ती अकरा रिळं काढून एकदा पूर्ण फिरवून ठेवायचे, टेपचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. घरच्या फराळापेक्षा ते काम त्यांना महत्त्वाचं होतं. तशी त्यांच्या बायकोची, जैबूभाभींची, तक्रारच होती.

संगणक आला तेव्हा आम्हाला वाटलं, हे आता कुरकुरणार. पण चारच महिन्यांत ते माझ्यापेक्षा सफाईने काम करू लागले. "ब्लेडने बोट कापायचं, माउसने कापत नाही. मी कशाला रडू?" असं म्हणायचे. तक्रार एकच होती, माणसं आता कान बंद ठेवून पडद्यावरच्या रेघा बघून कापतात. मग कॅसेट संपली. खासगी एफएम आलं, तिथले निवेदक इतकं भरभर बोलायचे की अन्वरभाई म्हणायचे, "ह्याची गाडी सुटतेय बहुतेक." सीडी आली आणि बघता बघता गेली. गाणं मोबाइलवर येऊन बसलं. आसपासचे स्टुडिओ एकेक करून बंद पडले, आमचाही पडायला आला होता, आणि तेवढ्यात जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांना अचानक भाव आला. मोबाइलवर ऐकवणाऱ्या दोन-तीन ॲप कंपन्यांची आपसात चढाओढ लागली होती. जुना संग्रह जो आधी देईल त्याच्याशी करार, असा मामला. मुंबईचा एक स्टुडिओ आमच्यापुढे धावत होता. मालकांनी ते काम माझ्यावर सोपवलं.

रिळं संगणकात उतरवण्याचं काम अन्वरभाईंनी केलं. बुरशी आलेली प्रत्येक टेप मऊ कापडाने पुसून यंत्रावर चढवायची, वाजवायची. पलीकडे मी फाइली साठवायची. उन्हाळा होता, आणि यंत्र तापेल म्हणून ते पंखा स्वतःकडे न करता यंत्राकडे करायचे. पहिला हप्ता पाठवला तो ॲपवाल्यांच्या तपासणीत परत आला. तपासणी माणूस करत नव्हता. मागे टेपची खरखर जास्त आहे, एवढा एक शेरा यंत्राने मारला होता. मुदतीला सहा दिवस उरले होते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. त्याला आधी खरखरीचा नमुना ऐकवावा लागतो. मग तो आवाज ते सगळ्या फाइलीतून वजा करतं. नमुना कुठून घ्यायचा? मला तर उत्तर तयारच मिळालं. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला अन्वरभाईंची एक मिनिट खोली होती! मी सॉफ्टवेअरला सांगितलं, सगळ्या फाइलींचं पहिलं अर्धं मिनिट नमुना म्हणून धर आणि तो आवाज पुसून टाक. सात फाइली ऐकून बघितल्या. सातही व्याख्यानांच्या होत्या. आवाज काचेसारखा स्वच्छ आला होता. मी खूश झाले. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून नव्या फाइली जुन्यांवरच साठवल्या.

मथुराबाईंच्या फाइलींत पहिल्या अर्ध्या मिनिटात तानपुरे होते. सॉफ्टवेअरला ती खरखर वाटली. त्याने अकराच्या अकरा रिळांतून तानपुरा पुसून टाकला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे ही चूक होती, आणि चूक कुणाचीही होते. माझा गुन्हा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. मालकांनी जागा सोडायचं ठरवलं होतं आणि भंगारवाला टेंपो घेऊन दारात उभा होता. अन्वरभाई कपाटाला पाठ लावून उभे. मालक म्हणाले, "अहो, आता संगणकात आहे ना सगळं!" अन्वरभाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "सगळं ऐकलंस?"

"हो."

"मथुराबाई?"

"हो अन्वरभाई, ऐकलं."

ते कपाटापासून बाजूला झाले. "तू ऐकलंस म्हणजे मी ऐकलं," म्हणाले, आणि टेंपोत रिळं चढवायला स्वतः हात लावला.

मी थकले होते, करार हातचा जाईल अशी भीती होती, मला माझ्या युक्तीचा गर्व होता... कारणं पुष्कळ सांगता येतील. पण त्या माणसाने मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती, ऐकल्याशिवाय ऐकलं म्हणू नये. ती मी त्यांच्या तोंडावर मोडली.

करार आम्हालाच मिळाला. त्या कामाच्या जोरावर मला बाणेरच्या पॉडकास्ट कंपनीत मोठी जागा मिळाली. जुना संग्रह वाचवणारी बाई म्हणून लोक माझं नाव घेऊ लागले. चार-पाच महिन्यांनी अन्वरभाईंचा फोन आला. शिरीनने त्यांच्या मोबाइलवर ते ॲप घालून दिलं होतं. "सुमेधा, बाईंचा तानपुरा तुला ऐकू येतो का गं? आणि बाई 'सा'वर थांबल्या की माझ्या कानात पाणी गेल्यासारखं होतंय." मी म्हटलं, बघते. फोन ठेवून मी ती फाइल पहिल्यांदा ऐकली. बाई गात होत्या आणि त्यांच्यामागे काही नव्हतं. षड्जावर थांबल्या की आवाज बुडाल्यासारखा व्हायचा, कारण तानपुऱ्याबरोबर त्यांचा तेवढा सूरही सॉफ्टवेअरने खरवडून नेला होता. काय झालं असेल ते मला पाच मिनिटांत कळलं. मूळ फाइली नव्हत्या. रिळं नव्हती. मी परत फोन केला आणि म्हणाले, "येतो की ऐकू. मोबाइलवर थोडा बारीक वाटतो एवढंच."

अन्वरभाई हसून म्हणाले, "म्हणजे आमचे कान निवृत्त झाले म्हणायचे."

महिनाभराने ते कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. हे मला फोनवर सांगून ते म्हणाले, "त्यांच्या यंत्रात नुसत्या शिट्या आहेत गं. तानपुरा कुठाय?" डॉक्टरांपेक्षा माझ्यावर त्यांचा विश्वास जास्त होता. मी तेव्हाही बोलले नाही. नोकरी नवी होती... नाही, तेही खरं नाही. त्यांनी मला 'आपण' म्हणावं आणि मग पुन्हा कधीच 'अगं' म्हणू नये, याची मला भीती वाटत होती.

त्यांनी कामं घेणं सोडलं. कुणी ध्वनिमुद्रण ऐकवायला आलं की सांगायचे, "माझ्याकडे कशाला आलात? कान गेले माझे." विश्रांतवाडीत शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायला लागले. एकदा मी त्यांना आमच्या ऑफिसात बोलावलं. आमची मंडळी त्यांच्याभोवती गोळा झाली. एकाने नवा पॉडकास्ट ऐकवला, त्यातल्या सगळ्या श्वासांच्या आणि थांबण्याच्या जागा सॉफ्टवेअरने आपोआप काढलेल्या. अन्वरभाईंनी दोन मिनिटं ऐकून विचारलं, "हे गृहस्थ आहेत ना अजून?" सगळे खो खो हसले. आमच्या प्रमुखांनी तिथल्या तिथे विचारलं, आठवड्यातून एकदा येऊन आमची कामं ऐकाल का? मी बघितलं, त्यांचा चेहरा उजळला होता. मग ते म्हणाले, "आवडलं असतं हो. पण आता मला साधा तानपुरा ऐकू येत नाही. विचारा सुमेधाला, तिला ठाऊक आहे." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला वाईट वाटतंय.

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली. ईदला मी शीरखुर्मा खायला जायचे, दिवाळीला ते चकल्या न्यायला यायचे आणि भाजणी कुठली हे चवीवरून ओळखायचे. सांगायचं ठरवून गेले आणि शेवया खाऊन परत आले, असं किती वेळा झालं ते मोजलेलं नाही. परवा परवापर्यंत वाटायचं, पुढच्या वेळी.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी विश्रांतवाडीला गेले. जैबूभाभींचे इद्दतीचे दिवस चालू आहेत, त्या घराबाहेर पडत नाहीत. मला अन्वरभाईंच्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर शिदोरीच्या डब्याएवढा एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. गाणारी मंडळी हल्ली रियाजाला वापरतात तसला.

"हा कधी घेतला?" मी विचारलं.

"झाली की पाच वर्षं. दुपारी मोबाइलवर बाईंचं गाणं लावायचे आणि शेजारी हा. सुरात बसवायला पहिल्यांदा तासभर घालवला असेल. मी म्हटलं, गाण्यात तानपुरा असतोच ना, मग हे दुसरं कशाला? तर म्हणे, आहे गं त्यात, सुमेधाने ऐकलाय. मला ऐकू येत नाही म्हणून बाहेरून लावतो."

मग मी सांगितलं. कपाट, टेंपो, फोन, सगळं. भाभी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होत्या.

"म्हणजे त्यांना ऐकू येत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं, भाभी."

"तरीच..." त्या म्हणाल्या. "दूध वर यायच्या आधी इथून ओरडायचे, जैबू, गॅस! मी म्हणायची, बहिरा माणूस आणि दूध बरं ऐकू येतं." हसता हसता त्यांना रडू आलं. पदराने डोळे पुसून माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं होतंस. मला सांगून तू मोकळी होशील. त्यांचं काय?" मग त्याच म्हणाल्या, "तू पेपरात लिहिणार आहेस ना? मग हे लिही. ज्याला त्याला सांगायचे, कान गेले म्हणून. त्या सगळ्यांना कळू दे."

म्हणून लिहिलं. मालकांना आधी कळवलं, "आता कशाला उकरून काढता?" असं ते म्हणाले. गाणी अजून ॲपवर तशीच आहेत. तिथे माझ्या नावाने खुलासा टाका, असं मी ॲपवाल्यांना दोनदा लिहिलंय, तिसऱ्यांदाही लिहीन. तोवर ज्यांनी ती ऐकली आहेत त्यांनी एवढं समजून घ्यावं, की मथुराबाईंच्या मागे दोन तानपुरे होते, सुरेल जुळलेले होते, आणि अन्वरभाई शेख यांनी ते उत्तम टिपले होते. पुसले मी.

निघताना मी भाभींना विचारलं होतं, हा तानपुरा मला द्याल का, आठवण म्हणून? "नाही," त्या म्हणाल्या. "ऐकायचा असेल तर इथे येऊन ऐक." गेल्या गुरुवारी गेले. दुपारची वेळ, भाभींनी डबा चालू करून ठेवला होता, कट्टा पुसताना त्याची कळ जरा फिरली असावी. गाणं न लावता नुसताच तानपुरा चालू होता. "बरोबर लागलाय ना गं?" त्यांनी विचारलं. त्यांना सुरातलं काही कळत नाही. मी हो म्हटलं असतं तर त्यांना समाधान वाटलं असतं. मी तिथेच जमिनीवर बसून थोडा वेळ ऐकला.

"नाही भाभी," मी म्हणाले. "पंचम उतरलाय."

"मग लाव की नीट," भाभी म्हणाल्या. "बसलीस काय नुसती?"